नाशिकहून गुलमर्गला स्की शिकायला जाताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

थंडीच्या सुट्टीत गुलमर्गला जाऊन आलेल्या बऱ्याच नाशिककरांची तक्रार एकच असते: पैसे भरपूर गेले, स्की काही जमलं नाही. खोदून विचारलं की हकिगतही एकच निघते. श्रीनगरला मुक्काम, सकाळी टॅक्सी, अकराच्या सुमारास गुलमर्ग, मग गोंडोलाची (डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची) रांग. उरलेल्या तासाभरात कोणीतरी पायात स्की अडकवून दिल्या, चारदा आपटले, फोटो काढले आणि अंधार पडायच्या आत परत. जागा चांगली, बर्फही चांगला, फक्त कामांचा क्रम उलटा: विमानाचं तिकीट सगळ्यात आधी, मुक्काम शेवटी, आणि शिकवणारा कोण, तर तिथे गेल्यावर जो समोर येईल तो. तो क्रम सरळ कसा करायचा ते खाली टप्प्याटप्प्याने दिलं आहे.

## टप्पा १ : बर्फ बघायचाय की स्की शिकायचंय?

हे घरात बसून, सगळ्यांसमोर ठरवा. बर्फ बघायचा असेल तर गुलमर्गला एक रात्र पुरते. स्की शिकायचं असेल तर उतारावरचे किमान तीन, शक्यतो चार पूर्ण दिवस हवेत. पहिला दिवस बूट सांभाळण्यात आणि पडण्यात जातो, दुसऱ्या दिवशी थांबता येतं, तिसऱ्या दिवशी वळता येतं. मजा तिथून सुरू होते, आणि एका दिवसाच्या सहलीत माणूस तिथवर पोचतच नाही.

घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असतील (आजी-आजोबांना बर्फ बघायचाय, मुलांना स्की करायचंय) तर मुक्काम गुलमर्गलाच ठेवा. ज्यांना शिकायचं नाही त्यांच्यासाठी एक दिवस स्लेज, एक दिवस गोंडोलाचा पहिला टप्पा आणि बाकी दिवस खिडकीतून बर्फ बघत कहवा (काश्मिरी चहा), असं वेगळं वेळापत्रक करा. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं ठरवलं की शिकणाऱ्यांचे दिवस हकनाक जातात.

गुलमर्गच का? उत्तराखंडचं औली सुंदर आहे, पण जोशीमठ ते औली रोपवे जमीन खचल्यामुळे जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला. तिथे जायचं असेल तर आधी त्याची चौकशी करा, नाहीतर बर्फातून गाडीरस्त्यावर अवलंबून राहावं लागतं. मनालीजवळचं सोलंग पहिल्या ओळखीला ठीक आहे, पण तिथला उतार लहान आणि गर्दी मोठी. दोन आठवडे हाताशी असतील तर मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे किंवा पहलगामच्या जवाहर पर्वतारोहण संस्थेचे स्की अभ्यासक्रम बघा. गुलमर्गमध्येही भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था आहे. कॉलेजच्या मुलांना मी हाच रस्ता सुचवीन. शिस्तीत शिकवतात आणि पैसेही कमी लागतात.

## टप्पा २ : महिना निवडा

दिवाळीच्या सुट्टीत स्की करायला जाऊ नका. नोव्हेंबरात एखाद-दुसऱ्या वेळी बर्फ पडतो, पण स्की करता येईल एवढा थर बसत नाही. नाताळचा आठवडा शाळेच्या सुट्टीत बसतो म्हणून सगळा महाराष्ट्र तेव्हाच निघतो. भाडी तेव्हा चढलेली असतात आणि बर्फाचा भरवसा नसतो.

काश्मिरी लोक २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात. कडक थंडी तीच. पण थंडी असली म्हणजे बर्फ असतोच असं नाही. बर्फ पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, पाऊस-बर्फ आणणारी हवा) आला की पडतो, आणि तो लांबला तर मैदान कोरडं राहतं. जानेवारी २०२४ मध्ये ऐन मोसमात गुलमर्गचं मैदान तपकिरी दिसत होतं. २०२५ मध्ये फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ कमी म्हणून पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. पक्का भरवसा कोणत्याच आठवड्याचा नाही, तरी माझी पसंती जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा या काळाला. २६ जानेवारीला जोडून सुट्टी काढता आली तर उत्तम.

घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर फेब्रुवारी बाद. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांचीही तीच गत: माल काढणीला आलेला असताना बाग सोडून कोण जाणार? त्यांनी डिसेंबरचा शेवट घ्यावा, पण बर्फ कमी मिळाला तरी चालेल अशी मनाची तयारी ठेवून.

तपासा : निघायच्या दहा दिवस आधीपासून गुलमर्गचा हवामान अंदाज रोज बघा. जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाच्या आणि प्रशासनाच्या ताज्या सूचनाही वाचा. कोणती ठिकाणं खुली आहेत, हे वेळोवेळी बदलतं.

## टप्पा ३ : मुक्काम, मग शिकवणारा, मग विमान

गुलमर्गमध्ये खोल्या मोजक्या आहेत. आधी तिथल्या चार-पाच रात्री पक्क्या करा. हॉटेलला तीनच प्रश्न विचारा: खोली गरम कशाने करता, वीज गेल्यावर ती सोय किती वेळ चालते, आणि नवशिक्यांच्या उतारापर्यंत चालत किती मिनिटं लागतात? जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फात पंधरा मिनिटं चालणं म्हणजे शिकण्याआधीच दमणं.

नंतर शिकवणारा. दर दिवसाचा की तासाचा, एका वेळी किती शिकाऊ, बूट-स्की त्यात धरले आहेत का, हे फोनवर ठरवून लेखी मेसेज मागवून घ्या. एकाला चारपेक्षा जास्त शिकाऊ असतील तर तुम्ही निम्मा वेळ उभेच राहाल.

मग प्रवास. ओझरहून दिल्लीला विमान आहे, पण वेळा मोसमाप्रमाणे बदलतात. दिल्ली-श्रीनगर पुढे जोडायचं तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं ही नित्याची गोष्ट आहे आणि श्रीनगरलाही सकाळी धुकं असतं. त्यामुळे पहाटेचं स्वस्त तिकीट मोहात पाडत असलं तरी दुपारच्या आसपासचं घ्या. मुंबईहून थेट श्रीनगर हा दुसरा पर्याय. त्यासाठी कसारा घाटाच्या कोंडीला घाबरायचं कारण आता उरलेलं नाही, इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी मनमाडहून झेलम एक्सप्रेस जम्मूला जाते. जून २०२५ पासून जम्मूच्या पुढच्या कटरा स्थानकापासून श्रीनगरपर्यंत वंदे भारत सुरू झाली आहे, तेव्हा जम्मू-श्रीनगर महामार्गावर रामबनच्या दरडींमध्ये अडकायची वेळ टळते. पण मुलं बरोबर असतील तर एवढा प्रवास करून लगेच स्की, हे मला पटत नाही. मध्ये एक रात्र काढा.

गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आणि आगाऊच मिळतं, तिथल्या खिडकीवर मिळेल या भरवशावर राहू नका. ते जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा आणि नावं ओळखपत्राप्रमाणे लिहा.

सावध : परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा, आणि तो श्रीनगरला घालवा. बर्फ जोरात पडला की गुलमर्गचा रस्ता आणि श्रीनगरची विमानं एकदमच बंद पडतात. हा दिवस वाचवायचा प्रयत्न करणारेच विमानतळावर रात्र काढतात.

## टप्पा ४ : सहा आठवडे आधी पाय तयार करा

स्की करताना माणूस अर्धवट खुर्चीत बसल्यासारखा असतो आणि सगळा भार मांड्यांवर येतो. रोज भिंतीला पाठ टेकवून, गुडघे काटकोनात ठेवून बसा, वीस सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत वाढवत न्या. आठवड्यातून तीनदा पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी चामर लेणी किंवा रामशेज. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष द्या, कारण मांडीच्या ज्या स्नायूंवर स्कीचा भार येतो ते उतरताना जास्त कामाला लागतात. सकाळी नुसतं चालून हे होत नाही.

उंचीचा अंदाज घ्या. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. गुलमर्गचं मैदानच सुमारे २,६५० मीटरवर आहे. रक्तदाब, दमा, हृदयविकार किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच बुकिंग करा.

## टप्पा ५ : कपडे आणि बॅग

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. चिल्लई कलानमध्ये गुलमर्गची रात्र उणे दहाच्या आसपास जाते. हे ऐकून लोक सगळ्यात जाड जॅकेट घेतात, आणि तिथेच फसतात. स्की शिकताना घाम येतो. जाड जॅकेटच्या आत सुती बनियन ओला होतो, थांबलात की तोच गारठवतो. सुती कपडा आणि जीन्स उतारावर पूर्ण वर्ज्य.

तीन थर घाला. अंगालगत घाम बाहेर टाकणारं थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी अडवणारं पातळ जॅकेट व तसलीच पँट. मधल्या थराला शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमधला स्वेटर पुरेसा आहे. वरचा थर गुलमर्गला भाड्याने मिळतो, एका सहलीसाठी विकत घेऊ नका.

विकत घ्यायच्या वस्तू म्हणजे अंगाला आणि पायाला लागणाऱ्या: थर्मलचे दोन जोड, गुडघ्याखालपर्यंत येणारे लांब मोजे (तीन जोड), पाणी न शिरणारे हातमोजे, मान आणि तोंड झाकणारी पट्टी, अतिनील किरणं अडवणारा गॉगल, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन आणि ओठांचं मलम. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. उजेड तिथे खालून येतो आणि साल निघते ती तिथलीच.

मोबाइलबद्दल एक गोष्ट बहुतेकांना श्रीनगरला उतरल्यावर कळते: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरात निदान एक पोस्टपेड नंबर हवा, आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणारा असला तर दुधात साखर. तरीही रोख रक्कम जवळ ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते, तेव्हा फोन आतल्या खिशात. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच.

खाण्यासाठी चिवडा, खाकरा, शेंगदाण्याचे लाडू न्या. उतारावर जेवायला वेळ मिळत नाही, खिशातला लाडू मिळतो.

## टप्पा ६ : श्रीनगर ते गुलमर्ग

अंतर साधारण पन्नास किलोमीटर. बर्फ पडलेला असला तर साधी गाडी टंगमर्गपर्यंतच जाते. पुढचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकं ओढणारी गाडी लागते. श्रीनगरची टॅक्सी ठरवताना "गुलमर्गच्या हॉटेलच्या दारापर्यंत की टंगमर्गपर्यंत?" हा प्रश्न विचारा आणि उत्तर पैशांसकट पक्कं करा.

टंगमर्गला गाडी थांबली की लांब कोट आणि गमबूट भाड्याने देणारे गराडा घालतात. तुमच्याकडे वर सांगितलेले तीन थर असतील तर कोट लागत नाही. गमबूट बर्फात चालायला ठीक आहेत, पण आतून कोरडे आहेत ना, ते हात घालून बघा. गाईड घ्यायलाच लागतो, गोंडोला फार लांब आहे, घोड्याशिवाय जमणार नाही, असं सांगणारे भेटतील. "नको भाऊ, शुक्रिया" एवढं हसून म्हणा आणि चालू लागा. वाद घालण्यात अर्थ नाही, त्यांचाही मोसम दोन-तीन महिन्यांचाच असतो. स्लेज किंवा घोडा घ्यायचाच असेल तर कुठून कुठपर्यंत आणि किती पैसे, हे बसण्यापूर्वी ठरवा.

पोचल्या दिवशी स्की नको. पाणी भरपूर प्या, हळू चाला, लवकर झोपा.

## टप्पा ७ : बूट

या टप्प्यावर लोक दहा मिनिटं देतात. तासभर द्या. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर दुकानात जा, सकाळी दहा वाजता नव्हे.

१. एकच मोजा घाला. थंडी वाजेल म्हणून दोन घातले की रक्त दबतं आणि पाय आणखी गार पडतो. थर्मलची मोहरी बुटाच्या वरच राहू द्या. तिची एक चुणी नडगीवर दिवसभर सुरीसारखी टोचते.

२. सगळे बकल उघडा, पुढची जीभ बाहेर ओढा, पाय सारा आणि टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागे बसेल.

३. आधी घोट्याजवळचा बकल लावा, मग वरचे, शेवटी चवड्यावरचा, तोही सैलच.

४. सरळ उभे राहा. अंगठा पुढे जेमतेम टेकला पाहिजे. गुडघे पुढे वाकवा. आता अंगठा सुटला पाहिजे आणि नडगी बुटाच्या जिभेवर रेलली पाहिजे. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. दुकानदार "चलेगा" म्हणाला तरी बदलून घ्या.

५. तो बूट घालून दुकानातच दहा मिनिटं फिरा. घट्ट वाटणं चालेल, एका बिंदूवर दुखणं चालणार नाही.

पहिल्या वेळी स्कीची लांबी छातीपासून हनुवटीपर्यंत कुठेतरी असावी. लांब स्की वेगाला चांगल्या, वळायला वाईट. स्कीची काठी उलटी धरून टोकाजवळच्या चकतीखाली मूठ आवळली की कोपर काटकोनात यावं. हेल्मेट घ्याच.

सावध : स्कीवर बूट पकडणारं बाइंडिंग पडल्यावर सुटलं पाहिजे, नाहीतर गुडघा पिळतो. त्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि येणारं कौशल्य यांवर बसवतात. दुकानदाराला वजन खरं सांगा. मागच्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच ठेवून स्की देत असेल तर तुमच्यासमोर बदलायला लावा.

## टप्पा ८ : उतारावरचा पहिला दिवस

क्रम असा ठेवा. शिकवणारा घाई करत असेल तर त्यालाही सांगा.

सपाटीवर. नुसते बूट घालून चाला. मग एकाच पायात स्की घालून सरका, मग दुसऱ्या. स्की घालताना बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ काठीने खरवडून काढा, नाहीतर बाइंडिंग नीट बसत नाही. आधी पुढचं टोक, मग टाच दाबा, "टक्" आवाज आला पाहिजे. उतारावर घालत असाल तर खालच्या बाजूची स्की आधी.

पडणं आणि उठणं. कुशीवर पडा. मागे बसायचा प्रयत्न केलात तर वेग वाढतो आणि गुडघ्यावर ताण येतो. उठण्यापूर्वी दोन्ही स्की तुमच्या खालच्या बाजूला आणि उताराला आडव्या आणा. त्या खाली तोंड करून असतील तर उठताक्षणी पुन्हा घसराल. हे पाच-सहा वेळा मुद्दाम करा.

आडवं चढणं. स्की आडव्या ठेवून, कडेवर भार देत, एकेक पाऊल वर.

नांगर. पुढची टोकं जवळ, मागची लांब, टाचा बाहेर ढकला. वेग यानेच आवरतो. जवळजवळ प्रत्येक नवशिका इथे घाबरून मागे रेलतो. भार मागे गेला की पुढची टोकं ऐकत नाहीत आणि स्की पळत सुटते. उपाय मनाविरुद्ध आहे: उतार वाढेल तसं पुढे झुका. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली आहे ना, एवढंच स्वतःला विचारत राहा. हात पुढे, आणि नजर स्कीच्या टोकांवर न ठेवता दहा-पंधरा पावलं पुढे.

तपासा : सांगितलेल्या जागी तीनदा थांबता आलं का? आलं तरच ओढणाऱ्या लिफ्टला हात लावा. त्या लिफ्टच्या दांड्यावर बसायचं नसतं, उभ्यानेच स्वतःला ओढून घ्यायचं. मध्ये पडलात तर दांडा सोडून लगेच बाजूला व्हा, मागून दुसरा येत असतो.

दुपारी तीननंतर पाय थकतात आणि बर्फ कडक होऊ लागतो. "शेवटची एक फेरी" तेव्हा घेऊ नका.

## टप्पा ९ : गोंडोला आणि वरचा डोंगर

पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटर. दुसरा अफरवाटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटर. दुसरा टप्पा वाऱ्यामुळे वारंवार बंद राहतो. म्हणून तो सहलीच्या शेवटच्या दिवसावर न ठेवता मधल्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशीही नको, कारण शरीर उंचीला सरावलेलं नसतं. वर डोकं दुखलं, मळमळलं, चालताना तोल गेला तर फोटोचा विचार न करता पुढच्याच डब्यातून खाली या.

नवशिक्याने दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन जाऊ नये. तिथून खाली येणारे उतार नैसर्गिक आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटवर दोन पोलिश स्कीपटू आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गजवळ एक रशियन स्कीपटू हिमस्खलनात गेले. दोर लावलेल्या हद्दीबाहेर "शॉर्टकट" दाखवणाऱ्याच्या मागे जाऊ नका, मोठा बर्फ पडून गेल्यावरच्या दिवशी तर मुळीच नाही.

## टप्पा १० : रात्रीची खोली

बुखारी (धुराचं नळकांडं असलेली काश्मिरी शेगडी), विजेची चादर, गरम पाण्याची पिशवी हे सगळं ठीक. कोळशाची शेगडी, कांगडी (निखाऱ्यांचं मडकं) किंवा गॅस हीटर पेटता ठेवून बंद खोलीत झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत ते कळत नाही. बुखारी असेल तर धूर बाहेर नेणारं नळकांडं सांध्यात सुटलेलं नाही ना, ते बघा.

हातमोजे आणि बुटाचं आतलं अस्तर रोज रात्री काढून वाळवा, पण शेकोटीवर धरू नका. ओल्या अस्तरात सकाळी पाय घातला की दिवस तिथेच संपतो.

## टप्पा ११ : परत निघताना

भाड्याचं सामान आदल्या संध्याकाळी परत करा. स्कीच्या कडा आणि तळ दुकानदारासमोर दाखवा, अनामत हातात घ्या, मगच निघा. सामान घेतानाच मोबाइलवर त्याचे फोटो काढून ठेवा, ते इथे उपयोगी पडतात. श्रीनगर विमानतळावर टर्मिनलच्या खूप अलीकडेच गाडीतलं सामान उतरवून तपासतात, पुढे पुन्हा तपासणी. विमानाच्या तीन तास आधी फाटकावर असा.

दिल्लीत संध्याकाळी उशिरा पोचणार असाल तर ओझरचं विमान त्याच दिवशी मिळेल असं धरून चालू नका. निजामुद्दीनहून नाशिकरोडमार्गे मुंबईला जाणारी राजधानी आणि एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस यांची आरक्षणं दोन महिने आधी उघडतात. विमान जोडून मिळत नसेल तर तेव्हाच एखादं काढून ठेवा. वेळेवर पोचलात तर रद्द करताना थोडे पैसे कापले जातील, तेवढे जाऊ द्या.